परत येण्याचा पुरावा

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीसमोर सकाळी जी माणसं रांगेत असतात, त्यांतले दोन गट लगेच ओळखू येतात. एक विद्यार्थ्यांचा. दुसरा साठी-सत्तरीतल्या जोडप्यांचा. काकांचा इस्त्रीचा शर्ट, काकूंची ठेवणीतली साडी आणि हातात प्लास्टिकची फाइल. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो सोबत आलेल्या पुतण्याकडे किंवा भाचीकडे दिलेला असतो. फायलीत पेन्शनचे कागद, मुदत ठेवींच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावच्या जमिनीचा सातबारा, मुलाचं पत्र, मुलाच्या कंपनीचं पत्र आणि बऱ्याचदा सुनेच्या बाळंतपणाची तारीख असलेला डॉक्टरांचा कागद. आत खिडकीपाशी उभं राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो, आणि पुष्कळ वेळा फाइल उघडलीही जात नाही.

थोड्या दिवसांसाठी परदेशी निघालेल्या भारतीय माणसाला बहुतेक श्रीमंत देश फिरूनफिरून एकच गोष्ट विचारतात: तुम्ही परत जाल कशावरून? तिकीट, विमा, बँकेचा उतारा, आमंत्रणपत्र हे सगळे त्या एका प्रश्नाचे फाटे. तो विचारण्याचा अधिकार त्या देशांना आहे, हे मला मान्य आहे. पण तो विचारला जाताना आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जी ओढाताण होते, तिच्यातला मोठा भाग निव्वळ माहिती नसल्यामुळे होतो. तेवढा तरी टाळता यावा, म्हणून हा लेख.

अमेरिकेचा १९५२ सालचा स्थलांतर आणि राष्ट्रीयत्वाविषयीचा कायदा आहे. त्याचं कलम २१४(ब) व्हिसाच्या जगात सगळ्यांना तोंडपाठ असतं. पाहुणा म्हणून येणारा प्रत्येक माणूस इथे कायमचा राहायलाच येतो आहे, असं हे कलम गृहीत धरतं, आणि ते खोटं ठरवण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतं. म्हणजे खिडकीपलीकडचा अधिकारी ‘नाही’पासून सुरुवात करतो. आपण त्याला ‘हो’पर्यंत आणायचं असतं. नकार मिळाला तर हातात छापील कागद येतो आणि त्यावर याच कलमाचा उल्लेख असतो. त्याविरुद्ध अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण शुल्क पुन्हा भरून. जून २०२३ मध्ये हे शुल्क १६० डॉलरवरून १८५ डॉलर झालं. नवरा-बायको दोघांचं मिळून होतात तीस हजारांच्या वर रुपये, आणि नकारानंतर त्यातला एकही परत मिळत नाही.

हे एकदा समजलं की मुलाखतीतले साधे प्रश्न वेगळे ऐकू येतात. कोणाकडे जाताय? मुलगा काय करतो? किती दिवस राहणार? इथे घरी कोण आहे? आधी कुठे परदेशी गेला होतात? अधिकाऱ्याला या उत्तरांतून माणसाची मुळं कुठे आहेत ते पाहायचं असतं. मुलीकडे दोन महिने राहू आणि गणपतीच्या आत परत येऊ, कारण घरचा गणपती आमच्याकडे असतो, हे खरं असेल तर तसंच सांगावं. ते कुठल्याही बँक बॅलन्सपेक्षा वजनदार आहे. उत्तर इंग्रजीतच द्यायला हवं असंही नाही. मुंबईच्या वकिलातीत मराठीतून मुलाखत मागता येते. तरी मुलगा फोनवरून आईकडून इंग्रजी वाक्यं घोकून घेतो आणि आई खिडकीशी जाऊन अडखळते. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला त्या दोन मिनिटांसाठी मुकी करण्याचं काहीच कारण नाही.

घोकंपट्टीत याहून मोठा धोका आहे. सुनेच्या बाळंतपणाचं नाव काढू नका, फिरायला जातोय एवढंच सांगा, असा सल्ला एजंट सर्रास देतात. मुलांना भेटायला जाणं हे या व्हिसाचं उघड मान्य असलेलं कारण आहे. तिथे पगारी काम करायला परवानगी नाही, आणि कुठल्याही आजीला तो पगार नकोच असतो. आता खरं सांगणं आणि लपवणं या दोन्ही गोष्टींची किंमत शेजारी ठेवून पाहा. २१४(ब)खाली मिळालेला नकार तात्पुरता असतो, परिस्थिती बदलली की दार पुन्हा ठोठावता येतं. अर्जात किंवा मुलाखतीत महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटं बोलल्याचा शिक्का मात्र कायमचा बसू शकतो, आणि तो पुसायला वेगळी माफी मागावी लागते. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज बहुधा मुलगा भरतो किंवा एजंट, आणि त्यात काय लिहिलं आहे ते ज्यांच्या नावाचा तो अर्ज आहे त्यांनाच ठाऊक नसतं. मुलाखतीच्या आधी अर्जाची प्रत आई-वडिलांना वाचून दाखवली तर निम्मं काम झालं.

जुन्या मुंबईकरांना ही रांग भुलाभाई देसाई रस्त्यावरची आठवत असेल. तिथल्या लिंकन हाउसमध्ये, म्हणजे वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या बंगल्यात, वकिलात होती. ती २०११च्या नोव्हेंबरमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आली. जागा मोठी झाली, प्रतीक्षा काही संपली नाही. करोनानंतर, २०२२च्या अखेरीस, पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला मुंबईत मुलाखतीसाठी ९९९ दिवसांची वाट दाखवली जात होती. नातू जन्मायच्या आधी अर्ज केला तर तो बालवाडीत जाईपर्यंत आजीची पाळी यायची. जानेवारी २०२३ मध्ये शनिवारी खास मुलाखती ठेवल्या गेल्या, थायलंडला जाणाऱ्यांनी बँकॉकच्या वकिलातीत तारीख पाहावी असंही सुचवलं गेलं. मग २०२५च्या सप्टेंबरमध्ये वारा उलट्या दिशेने फिरला. अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करा असा नियम आला, आणि मुलाखतीशिवाय कागद टाकून येण्याची, लोक जिला ड्रॉपबॉक्स म्हणतात ती सवलत आकसली. आधीचा पर्यटक व्हिसा संपून वर्ष झालं नसेल तर ती अजून मिळू शकते. पण नुसत्या वयावर ८० किंवा त्याहून मोठ्या अर्जदारांना जी माफी होती, ती गेली. अमेरिकेच्या सुरक्षेला पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना नागपूरहून किंवा कोल्हापूरहून मुंबईला आणून काय मिळतं, हे मला कळलेलं नाही. या बदलाला माझा स्पष्ट विरोध आहे.

हे नेहमीच असं नव्हतं. १९८६च्या ऑक्टोबरपर्यंत विलायतेला पाहुणा म्हणून जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नसे. पासपोर्ट घेऊन विमानात बसायचं आणि हीथ्रोवरच्या अधिकाऱ्याला सामोरं जायचं. त्या वर्षी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया आणि घाना या पाच देशांच्या नागरिकांना ब्रिटनने व्हिसा सक्तीचा केला, आणि नियम लागू होण्याआधी पोहोचू पाहणाऱ्यांची हीथ्रोवर झुंबड उडाली. त्या काळी अडचण वेगळी होती, ती आपल्याच सरकारच्या दारात. परकीय चलन मोजूनमापून मिळे, आणि पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असं ठरवलं. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. १९७८च्या मेनका गांधी खटल्याने तो हक्क आणखी भक्कम केला. म्हणजे आपल्या देशातून बाहेर पडणं हा आपला हक्क आहे. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क मात्र कुठल्याही न्यायालयाने कोणाला दिलेला नाही. व्हिसाचा सगळा खेळ या दोन दारांमधल्या जागेत चालतो.

मराठी घरांतली फाइल अडते ती बहुतेकदा नाव आणि जन्मतारीख या दोन ठिकाणी. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि एका पिढीपर्यंत पहिलं नावही बदलत असे. तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव रेशनकार्डावर चढतं, माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर राहतं, आणि मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव तिसऱ्याच स्पेलिंगने छापलेलं असतं. घरात कोणाला याचं काही वाटत नाही. पण आमंत्रण पाठवणारा मुलगा आणि जाणारी आई यांचं नातं कागदावर दाखवायची वेळ आली की हीच तीन नावं तीन वेगळ्या बायका होऊन उभी राहतात. उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत, फक्त वेळखाऊ आहेत. नाव बदलल्याची महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घेणं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि विवाह नोंदणी. १९९८च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली जुन्या लग्नाचीही उशिराने नोंद करता येते. लग्नाला चाळीस वर्षं झालेली जोडपी तीन साक्षीदार घेऊन निबंधकापुढे बसतात ती बहुतेक या कामासाठीच. अर्ज करायच्या आठवड्यात हे सुचलं तर फार उशीर झालेला असतो. मुलगा परदेशी गेला त्याच वर्षी हे काम उरकून ठेवावं.

जन्मतारखेचं प्रकरणही खास आपलं. साठीच्या पुढची कितीतरी माणसं कागदोपत्री १ जूनला जन्मली आहेत, कारण शाळेत नाव घालताना तारीख कोणाला ठाऊक नसायची आणि गुरुजींनी पहिलीत बसेल असं वय धरून १ जून लिहून टाकायचं. पासपोर्ट, आधार, पॅन आणि पेन्शनचे कागद या सगळ्यांवर तीच तारीख असेल तर काही बिघडत नाही. बिघडतं ते कुणीतरी मध्येच खरी तारीख सापडली म्हणून एका कागदावर दुरुस्ती करतो आणि बाकीचे तसेच राहतात तेव्हा. एकशब्दी नावांचंही तसंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारायचं ठरवलं, मग पुढच्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल असा खुलासा केला. आडनाव न लावण्याचा निर्णय काहींनी जातीची ओळख पुसण्यासाठी विचारपूर्वक घेतलेला असतो, आणि त्याबद्दल मला मोठा आदर आहे. अशांनी पासपोर्ट काढतानाच आडनावाच्या रकान्यात काय टाकायचं ते ठरवून घेतलेलं बरं.

युरोपची गोष्ट वेगळी आहे. तिथे मुलाखत क्वचितच होते, कागदच बोलतात. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीवरच्या एका बोटीत, पाच देशांनी आपापसातल्या सीमा उघडण्याचा करार केला. तो १९९५ मध्ये अमलात आला आणि आज त्यात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हींत नाही. लंडन-पॅरिस-स्वित्झर्लंड अशा लोकप्रिय सहलीला म्हणूनच दोन व्हिसा लागतात. अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री काढायच्या त्याच्याकडे करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथून आधी शिरणार त्याच्याकडे. तारखा लवकर मिळतात म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकण्याची युक्ती पुष्कळ जण करतात, आणि अधिकाऱ्याला ती हॉटेलांच्या यादीवरून पाच मिनिटांत कळते.

शेंगेनचे नियम आकड्यांत बोलतात. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. त्या वर्षी भारतातून ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि सुमारे १५ टक्के नाकारले गेले. नकाराचा एक ठरलेला तक्ता असतो आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण केलेली असते. मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल खात्री वाटली नाही, या ओळीपुढची खूण आपल्या लोकांच्या फार ओळखीची आहे. अपिलाचा हक्क आहे, पण ज्याने नाकारलं त्या देशाच्या पद्धतीने. जर्मनीने तर जुलै २०२५ पासून वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय बंद केली. आता बर्लिनच्या न्यायालयात जा किंवा नवा अर्ज करा. सांगलीतला निवृत्त माणूस बर्लिनला दावा लावेल का?

याच युरोपने एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी एक चांगला नियम केला, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले, म्हणजे वेळेत परत आलात, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा. परत येण्याचा पुरावा मागायचा तर असा मागावा, असं मला वाटतं. माणसाच्या ठेवी मोजण्यापेक्षा त्याचं वागणं मोजलेलं चांगलं. जुने पासपोर्ट म्हणूनच फेकू नयेत. त्यातले शिक्के पुढच्या अर्जाचं भांडवल असतात.

बँकेच्या उताऱ्याबाबत एक गोष्ट पुनःपुन्हा घडते. अर्जाच्या आधी आठवडाभर मेहुण्याकडून पाच लाख खात्यात घेतले जातात. तीन किंवा सहा महिन्यांचा उतारा मागतात तो नेमका हेच पाहायला. दरमहा येणारं साधं पेन्शन आणि त्यातून होणारा खर्च अधिकाऱ्याला जास्त पटतो. पैसे मुलगा देणार असेल तर तसं लिहून त्याचे कागद जोडावेत, यात कमीपणा काही नाही. काही एजंट डमी तिकीट नावाचा प्रकार विकतात. काही दिवसांचं आरक्षण धरून ठेवणं हा एक भाग झाला, आणि अस्तित्वात नसलेला आरक्षण क्रमांक छापून देणं हा सरळ बनाव. पासपोर्टवर नाव आपलं असतं, एजंटचं नाही.

आणि कागद स्वीकारणारी खिडकी निर्णय घेत नाही. व्हीएफएस ग्लोबल या कंपनीचं काम २००१ साली मुंबईतूनच सुरू झालं, अमेरिकन वकिलातीसाठी. आज ती अनेक सरकारांसाठी कागद आणि बोटांचे ठसे गोळा करते, पण व्हिसा द्यायचा की नाही ते वकिलातच ठरवते. लाउंज, कुरिअर, एसएमएस या जादा पैशांच्या सोयी ऐच्छिक असतात आणि त्यांनी व्हिसा मिळण्याची शक्यता कणभरही वाढत नाही. हे तिथल्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं.

जवळचे देश आता सोपे झाले आहेत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांचा व्हिसा माफ केला, मे २०२५ पासून मात्र निघण्याआधी डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची मुभा दिली. मॉरिशसला, जिथे मराठी पूर्वजांची आठवण ठेवणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आधी व्हिसा लागत नाही. नेपाळला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. विमानाने जाताना पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला नुसतं आधार पुरत नाही, आणि हे विमानतळावर कळलेली कुटुंबं थोडी नाहीत. भूतानला व्हिसा नाही, पण माणशी रात्रीला १२०० रुपये शुल्क आहे. असे नियम वर्षा-दोन वर्षांत बदलतात, तेव्हा मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या शब्दावर न जाता त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ निघण्याआधी पाहावं. केनियाची सफारी करणाऱ्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. तिचा दाखला नसेल तर परत येताना आपलंच सरकार विलगीकरणात ठेवू शकतं.

दिवाळीच्या दिवसांत आणखी एक काळजी घ्यावी. दुबईला किंवा सिंगापूरला लेकीकडे निघालेल्या आईच्या डब्यात अनारसे असतात, आणि अनारशांवर खसखस. या दोन्ही ठिकाणी खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. चिवडा, शंकरपाळी, बेसनाचे लाडू खुशाल न्यावेत. अनारसे घरीच खाऊन निघावं. गुडघेदुखीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांवरही अमिरातीत कडक बंधनं आहेत, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी आणि ट्रामाडॉलसारखी गोळी चालू असेल तर आधी परवानगी काढायला हवी.

अमेरिकेचा व्हिसा लागला की घरी पेढे वाटतात. दहा वर्षांचा शिक्का बघून लोक समजतात की आता हवं तितकं राहता येईल. दहा वर्षं ही दार ठोठावण्याची मुदत आहे. आत किती दिवस राहायचं ते पोहोचल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ही नोंद ऑनलाइन पाहता येते, आणि पोहोचल्याच्या आठवड्यात मुलाने ती पाहून कागदावर उतरवून फ्रिजवर लावावी. तारीख एका दिवसाने उलटली तरी तो व्हिसा बाद होतो. सहा महिन्यांहून जास्त बेकायदा राहणं झालं तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं, वर्षभराहून जास्त झालं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. आजारपण किंवा बाळंतपणातली गुंतागुंत अशी खरी अडचण आली तर मुदतवाढीचा अर्ज तारीख उलटण्याआधी करता येतो, आणि तो करावा.

आपल्या सरकारकडे माझं मागणं छोटं आहे. पासपोर्ट सेवा केंद्रं आता जिल्ह्याजिल्ह्यातल्या टपाल कचेऱ्यांत पोहोचली आहेत. तिथेच आठवड्यातून एक दिवस नावातली तफावत, विवाह नोंदणी, राजपत्र आणि मुख्य देशांच्या व्हिसाचे कागद यांची माहिती मराठीत देणारा माणूस बसवावा. दिल्लीने युरोपीय संघाशी बोलताना नाकारलेल्या अर्जाच्या शुल्काचा काही भाग परत मागावा, आणि अमेरिकेशी बोलताना ८० वर्षांवरच्या अर्जदारांची मुलाखत पूर्वीसारखी माफ करून घ्यावी. पहिली गोष्ट तर परराष्ट्र मंत्रालयाला आणि राज्य सरकारला कोणाचीही परवानगी न घेता पुढच्या महिन्यापासून सुरू करता येईल.